व्हिएन्नाच्या केराच्या टोपलीतलं

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा कुंपणाशी या, मोठ्यानं बोलायची सोय नाही. आपल्याकडे भिंतींना कान असतात म्हणतात ना, व्हिएन्नात १८१४ च्या त्या हिवाळ्यात केराच्या टोपल्यांनासुद्धा कान होते!

म्हणजे बघा, नेपोलियनला एल्बा बेटावर नेऊन बसवलं आणि सगळे भाऊबंद वाटण्यांची परिषद भरवायला ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ बादशहाच्या दारी जमले. रशियाचा झार आला, चार राजे आले, त्यांचा लवाजमा वेगळाच. होफबुर्ग राजवाड्याचं अगदी लग्नघर झालेलं. यजमान इकडे मेजवान्या घालतोय आणि तिकडे त्याचा पोलीसप्रमुख, तो बॅरन हागर, पाहुण्यांच्या खोल्यांतला केर गोळा करतोय! मोलकरणी, दारवान, गाडीवान, सगळे फितवलेले. फाडलेल्या चिठ्ठ्या, शेकोटीत अर्धवट जळलेले कपटे, सगळं जुळवून बादशहापुढे हजर. आणि तो ते आवडीनं वाचायचा हो!

इंग्रजांनी मात्र डाव ओळखला. त्यांचा परराष्ट्रमंत्री कॅसलरे, त्यानं आल्याबरोबर दोन मोलकरणी स्वतःच शोधून ठेवल्या. हागरनं लगेच वर कळवलं, इंग्रज मंडळी नको तितकी सावध आहेत. तक्रार कशाची, तर पाहुणा आपला केर आपणच काढतो! बाई मात्र तितक्या सावध नव्हत्या. कॅसलरेची बायको नवऱ्याचं गार्टरचं मानचिन्ह केसांत माळून डान्सला गेली. सगळ्या व्हिएन्नानं तोंडाला रुमाल लावला... असो.

तर काय सांगत होते? हां, पाल्म वाडा. तिथली तर गंमतच. एका बाजूला सागानची डचेस, दुसऱ्या बाजूला रशियन प्रिन्सेस बाग्रात्सिऑन, आणि दोघींचं मेटर्निखशी... आता काय सांगायचं, बाग्रात्सिऑनबाईंची मुलगी त्याचीच, हे काय कुणाला माहीत नव्हतं? ते झालं जुनं. आता त्याचा जीव सागानवर. एवढा ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री, युरोपचा नकाशा हातात, आणि ऑक्टोबरात तिनं त्याला सोडलं तर हा वेडापिसा! परिषदेचा सेक्रेटरी गेंट्झ कामाचं बोलायला जायचा आणि मेटर्निख सागानचंच रडगाणं घेऊन बसायचा. गेंट्झच्या रोजनिशीत आहे ना सगळं. त्यात झार अलेक्झांडर त्याच वाड्यात जाऊन बसायचा, आज या दारी, उद्या त्या दारी. मेटर्निखला डिवचण्यात त्याला पोलंड जिंकल्याचा आनंद. कोणाची गाडी कुठल्या दाराशी किती वेळ उभी होती, ते हागरच्या माणसांनी बरोब्बर टिपलेलं.

पण खरी मजा पुढेच. तालेराँ आला! लंगडत लंगडत, साळसूद चेहऱ्यानं. एके काळचा बिशप, मग क्रांतीवाला, मग नेपोलियनचा मंत्री, आणि आता फ्रान्सच्या राजाचा, अठराव्या लुईचा वकील. बरोबर पुतण्याची बायको डोरोथे, एकवीस वर्षांची. आणि ती कोण? सागानबाईंची धाकटी बहीण! म्हणजे हरलेल्या देशाचा माणूस, पण पहिल्या दिवसापासून घरातला.

चौघांनी आधीच ठरवलं होतं, रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया, इंग्लंड. निर्णय आपण घ्यायचे, फ्रान्सला नंतर कळवायचे. ३० सप्टेंबरला मेटर्निखकडे तालेराँला बोलावलं आणि एक कागद पुढे केला. हा वाचत वाचत एका शब्दावर थांबला. ‘दोस्त राष्ट्रं’ म्हणे. यानं भोळेपणानं विचारलं, दोस्त कोणाविरुद्ध? नेपोलियन तर एल्बावर आहे, फ्रान्सच्या राजाशी तुमचा तह झालाय, मग दोस्ती कोणाविरुद्ध चाललीय? अहो, सगळे एकमेकांकडे बघायला लागले! शब्द मागे घ्यावा लागला. आखलेलं सगळं त्यानं पार उधळून लावलं, असं गेंट्झनं रात्री लिहून ठेवलंय.

पुढे आठ दिवसांनी तर कहरच. तालेराँ म्हणाला, परिषदेच्या घोषणेच्या मसुद्यात सार्वजनिक कायद्याचा उल्लेख हवा. म्हणजे कसं, की जमीन बळकावली म्हणून मालकी होत नाही, गादी ज्याची हक्काची त्याची. प्रशियाचा हार्डेनबर्ग कानानं कमी, तो टेबलावर मुठी टेकून उभा राहिला आणि ओरडायलाच लागला. मग त्याच्या जोडीचा हुंबोल्ट, त्यानं मध्ये तोंड घातलं, इथे सार्वजनिक कायद्याचं काय काम? तालेराँ शांतपणे म्हणाला, तुम्ही इथे बसला आहात ते त्याच्याच जोरावर. हुंबोल्ट गप्प! एवढा विद्वान माणूस, पण चेहरा असा पडला म्हणता...

आता खरं सांगू का, तालेराँनं हक्काच्या गोष्टी सांगाव्यात म्हणजे मांजरानं दुधाची राखण करावी. पण माणूस खोटा असला तरी मुद्दा खोटा नव्हता, हे मला मान्य करावंच लागतं. नाहीतर झार काय म्हणत होता? पोलंड माझ्या सैन्याच्या ताब्यात आहे, म्हणून माझं. प्रशियाला अख्खं सॅक्सनी हवं, का, तर तिथला राजा नेपोलियनला शेवटपर्यंत चिकटून राहिला, गद्दार आहे. यावर तालेराँ झारला काय म्हणाला ठाऊक आहे ना? गद्दारी हा तारखांचा प्रश्न आहे महाराज. कारण झारनं स्वतः १८०७ मध्ये टिल्झिटला नेपोलियनच्या गळ्यात गळा घातलाच होता की! कोणी लवकर सुटला, कोणी उशिरा, एवढंच. बिचाऱ्या पोलिश माणसांना मात्र कोणी विचारलं नाही. सॅक्सनीच्या प्रजेलाही नाही. हक्क कोणाचा, तर राजांचा, तालेराँच्या हिशेबातसुद्धा.

तर ते भांडण इतकं विकोपाला गेलं, की ३ जानेवारी १८१५ ला मेटर्निख, कॅसलरे आणि तालेराँ यांनी गुपचूप करार केला, कानोकान खबर नाही. रशिया-प्रशियानं हल्ला केला तर तिघांनी दीड-दीड लाख सैन्य उभं करायचं. काल ज्याच्या देशाशी लढले, त्यालाच पंक्तीला घेतलं! आणि वर संध्याकाळी झारबरोबर डान्स चालूच. शेवटी झारनं पोलंडचा बराच भाग घेतला आणि प्रशियाला सॅक्सनीचे पाचातले दोन भाग मिळाले. करार राहिला कपाटात.

आता ऐका हं. ७ मार्च. आदल्या रात्रीची मीटिंग पहाटे तीनला संपलेली, मेटर्निखनं नोकराला बजावलं, मला उठवू नकोस. सहाला जेनोवातल्या कॉन्सुलेटकडून लखोटा आला, वर ‘तातडीचा’. यानं तो उशाशी ठेवला आणि कूस बदलली! झोप काही येईना, तेव्हा साडेसातला फोडला. आत काय? बंदरात एक इंग्रज अधिकारी विचारत आलाय, नेपोलियन इकडे कुणाला दिसला का, तो एल्बावर नाही! मग काय पळापळ. आठला बादशहाकडे, सव्वाआठला झारकडे, साडेआठला प्रशियाच्या राजाकडे. एवढी महिनोन्महिने भांडणारी माणसं तासाभरात एक झाली. तिकडे नेपोलियन १ मार्चलाच फ्रान्सच्या किनाऱ्याला लागला होता आणि २० मार्चला पॅरिसमध्ये.

आणि लुई पळाला. पळताना माणूस काय घेतो? दागिने, पैसे. कागद विसरतो! तो गुप्त करार पॅरिसमध्येच राहिला. नेपोलियनला सापडला, आणि त्यानं तो सरळ झारकडे पाठवून दिला, बघा तुमचे मित्र कसे आहेत म्हणून.

झारनं मेटर्निखला बोलावून घेतलं. शेजारी झारचा सल्लागार श्टाइन उभा, साक्षीला. कागद पुढे धरला आणि विचारलं, हा ओळखता का? मेटर्निखसारखा बोलघेवडा माणूस, पण तोंडातून शब्द नाही म्हणतात. झारनं क्षणभर वाट पाहिली. मग म्हणाला, हा विषय आपल्या दोघांत पुन्हा निघायचा नाही, आता नेपोलियनचं बघू. आणि कागद शेकोटीत टाकला.

सगळं लक्षात ठेवून नेपोलियनशी लढायला निघाले बरं का दोघं. ९ जूनला व्हिएन्नाच्या अंतिम करारावर सह्यासुद्धा झाल्या, एकशेएकवीस कलमं, वॉटर्लूच्या लढाईच्या आधी नऊ दिवस.

पण मी म्हणते वहिनी, हागरची माणसं एवढी केरावर टपलेली, त्या शेकोटीतली राख त्या दिवशी कोणी चाळली असेल हो?