दिवा लागला म्हणजे काम झालं?

"नळाला हात लावला की झिणझिण्या येतात रे," आई म्हणाली. मला वाटलं, वय झालं, हाताला मुंग्या येत असतील. दोन दिवसांनी बायकोलाही तेच जाणवलं. मग मेन बंद करून बाथरूमबाहेरचा बोर्ड उघडला. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे काहीच जोडलेलं नव्हतं. हिरवी वायर पेटीत गुंडाळून तशीच पडली होती. हा पॉइंट तीन वर्षांपूर्वी मीच काढला होता. वायर जरा आखूड पडली, 'अर्थिंग नंतर जोडू' म्हटलं आणि गिझर लावला. पाणी तापलं. ते 'नंतर' कधी आलंच नाही.

घरच्या घरी वायरिंग करू नका, असं मी म्हणतो ते यासाठीच. नळ चुकीचा बसला तर गळतो, फरशी वाकडी बसली तर दिसते. विजेचं चुकलेलं काम मात्र बरोबर केलेल्या कामासारखंच चालतं. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर घातला तरी बटण दाबलं की दिवा विझतो, होल्डरमध्ये 230 व्होल्ट तसेच राहतात. फ्यूजमध्ये जाड तार पिळली की फ्यूज उडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापत राहते.

"एमसीबी आहे की!" असं पुष्कळ जण म्हणतात. अहो, एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. दोन हजार वॉटचा गिझर साधारण 9 अँपिअर खेचतो, म्हणून त्याला 16 अँपिअरचा एमसीबी बसवतात. त्याच्या पाचशेव्या भागाइतका, म्हणजे 30 मिलिअँपिअरच्या आसपासचा करंट अंगातून गेला तरी जिवावर बेतू शकतं. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ती गळती पकडतो आरसीसीबी, आणि कितीतरी जुन्या घरांत तो नाहीच.

बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच आहे तसाच बदलायला परवाना लागत नाही. मेन बंद करून ते घरातल्या प्रत्येकाला जमायला हवं. नवा पॉइंट, नवी वायर हे परवानाधारक ठेकेदाराचं काम.

"तो तरी कुठे धड करतो?" हा प्रश्न रास्त आहे. दुकानातून पाठवलेला पोरगाही अर्थिंग सोडून जातो. म्हणून काम चालू असताना समोर उभे राहा. अर्थ मोजून दाखवायला सांगा. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण स्वतः दाबा आणि खटका पडतो का बघा.

आमच्याकडे वायरमन आला. त्याने हिरवी वायर जोडली, आरसीसीबी बसवला आणि गिझरचं बटण दाबलं. त्याच क्षणी खटका पडला. एलिमेंट फुटलेलं होतं, करंट बॉडीत उतरत होता. आणि आई रोज सकाळी ओल्या हाताने तोच नळ सोडत होती.