हेडस्टॉक वाचणारा माणूस

दुकानात शिरल्यावर तो गिटार वाजवत नाही, उलटी करतो. हेडस्टॉकच्या मागे छापलेला क्रमांक वाचतो. ‘एमएक्स’ असेल तर मेक्सिको, ‘यूएस’ असेल तर अमेरिका, ‘आयसीएस’ असेल तर इंडोनेशिया. मेक्सिकोला तो मान डोलावतो, अमेरिकेपुढे क्षणभर गप्प होतो आणि इंडोनेशियाला ‘शिकायला बरी आहे’ म्हणून परत स्टँडवर ठेवतो. तोवर एकाही तारेला त्याचं बोट लागलेलं नसतं.

पुण्या-मुंबईत हा गृहस्थ हल्ली बराच दिसतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बरी, हप्ते आटोक्यात, कॉलेजच्या गॅदरिंगला तीन गाणी वाजवलेली. त्याच्या अभ्यासाचा विषय एकच: फेंडर आणि तिच्याच घरातली धाकटी पाती स्क्वायर, यांच्यात नेमका फरक काय? संध्याकाळी तो गिटार घेऊन बसतो खरा. पण सूर लावता लावता फोनवर दोन मॉडेलांचे तपशील शेजारी-शेजारी उघडतात आणि मग पानं वाढली जातात.

सोसायटीतल्या बारावीच्या पोरानं “काका, पहिली इलेक्ट्रिक कुठली घेऊ?” विचारलं, की त्याची कळी खुलते.

“बजेट किती रे?”

“वीस हजार.”

“मग स्क्वायरची सॉनिक. पण थोडं ताणलंस तर ॲफिनिटी येते.” पोरगं ताणतं. “ॲफिनिटीपर्यंत आलाच आहेस तर थोडं अजून, क्लासिक व्हाइब. अरे, आल्निकोचे पिकअप आहेत!” क्लासिक व्हाइबमध्ये थोडी भर घातली की हेडस्टॉकवर खुद्द फेंडरचं नाव, म्हणजे मेक्सिकोतली प्लेअर. “आणि पुढेमागे अमेरिकन घेशीलच, मग दोनदा खर्च कशाला?” अशा चार-पाच ‘थोड्यां’त वीस हजारांचे दीड-दोन लाख होतात. पोरगं बापाकडे जातं, बाप पोराकडे बघतो, आणि घरात कीबोर्ड येतो.

आता फरक नसतोच असं नाही. स्ट्रॅटोकास्टर घ्या. स्वस्तातली असो की महागातली, तारेची लांबी साडेपंचवीस इंच, मान मेपलची, पिकअप बहुधा तीन आणि ते निवडायला पाच जागांचा खटका. सॉनिक आणि ॲफिनिटीचं अंग पॉप्लरचं, पिकअपची चुंबकं सिरॅमिकची. प्लेअरपासून वर बहुतेक आल्डर आणि आल्निको. स्क्वायरच्या या स्ट्रॅटना २१ फ्रेट, प्लेअरला २२. अमेरिकन प्रोफेशनल २ मध्ये तारा टेकतात तो नट हाडाचा असतो आणि मानेच्या कडा बोटाला टोचू नयेत म्हणून गोल घासलेल्या. लाकूड कापायला सगळीकडे यंत्रंच आहेत. पैसा मुरतो तो त्यानंतरच्या हातकामात, फ्रेटची टोकं कुणी किती वेळ घासत बसलं यात. दमट हवेतून आलेली गिटार पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये आली, की लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, आणि फ्रेटची टोकं करवतीसारखी बाहेर येतात. चांगला कारागीर ती घासून, मान सरळ करून, तारांची उंची बसवून देतो. त्यानंतर स्वस्त गिटार बऱ्यापैकी शहाण्यासारखी वागते.

पण फ्रेटच्या टोकांवर तासभर बोलता येत नाही. लाकडावर येतं. आल्डरचा ‘मधला स्वर’, पॉप्लरचा ‘कोतेपणा’ यावर त्यानं भल्याभल्यांना चहा गार करून प्यायला लावला आहे. अमेरिकेतल्या जिम लिल या गिटारवादकानं एका व्हिडिओत अंग आणि मान दोन्हींना रजा देऊन तारा थेट दोन बाकांमध्ये ताणल्या. आवाज आला तो रीतसर इलेक्ट्रिक गिटारचाच. आपल्या पारख्यानं हा व्हिडिओ पाहिला आहे. त्याचं म्हणणं एवढंच, की बाक कुठल्या लाकडाचे होते ते आधी बघायला हवं.

इतिहास मात्र त्याच्या जिभेवर असतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणणाऱ्या या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. (हे वाक्य तो जरा मोठ्यानं सांगतो.) १९६५ मध्ये सीबीएसनं १ कोटी ३० लाख डॉलर मोजून कंपनी घेतली. त्याच सुमारास मिशिगनमधली तारा बनवणारी स्क्वायर ही जुनी कंपनीही फेंडरकडे आली. पुढे जपानी नकला इतक्या स्वस्त आणि इतक्या नेटक्या निघू लागल्या, की फेंडरनं १९८२ मध्ये जपानमध्येच आपल्या गिटारी बनवून घेतल्या आणि त्यांवर स्क्वायरचं नाव टाकलं. कॅनडाचा अंध गिटारवादक जेफ हीली जपानी स्क्वायर मांडीवर आडवी ठेवून वाजवायचा आणि समोरच्यांची बोलती बंद करायचा. हा दाखला दिला, की आपला पारखी म्हणतो, “हो, पण ती जपानी होती.”

स्क्वायरचं नाव खरवडून तिथे फेंडरचं स्टिकर चिकटवणारे महाभागही आहेत. पेटीवर देवगड, आत कर्नाटक. पारखी त्यातला नाही. तो प्रामाणिक आहे आणि प्रामाणिकपणे जिना चढत गेला आहे. ॲफिनिटी विकून प्लेअर, प्लेअर विकून अमेरिकन. प्रत्येक पायरीवर त्याला खालची गिटार किती वाईट होती हे कळलं, आणि विकताना मात्र ती किती चांगली आहे हे गिऱ्हाइकाला सांगावं लागलं.

जिन्याच्या वरच्या टोकाला कस्टम शॉप. तिथे १९९५ पासून ‘रेलिक’ नावाचा प्रकार मिळतो: नवी कोरी गिटार कारखान्यातच ओरबाडून, रंग उडवून, धातू गंजवून देतात आणि त्याचे पैसे जास्त घेतात. शाळकरी मुलाच्या हातून हेच काम सॉनिकवर दोन वर्षांत फुकट होतं, पण त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. कस्टम शॉप पारख्याला परवडली नाही. मग त्याला नवा साक्षात्कार झाला, की खरे जाणकार वर जातच नाहीत, ते मागे जातात. ‘जेव्ही’ क्रमांकाच्या त्या पहिल्या जपानी स्क्वायर! स्वस्त म्हणून जन्मलेल्या या गिटारींना आता संग्राहक चांगलाच भाव देतात. सहा महिने तो त्यांच्या मागे होता.

हल्ली त्याहून पुढची मोहीम चालू आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस काही स्क्वायर चक्क भारतात बनल्या होत्या, हे त्याला कळलं आहे. कुठल्याशा निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे माळ्यावर तशी एक असल्याचा सुगावा लागताच तो रविवारी सकाळीच जाऊन थडकला. अधिकारी भला माणूस. त्यानं धूळ पुसली, नव्या तारा चढवल्या, ॲम्प्लिफायरला वायर जोडली आणि गिटार पुढे केली. “वाजवून बघा ना.”

“नको, नको,” पारखी म्हणाला, “स्क्रू ड्रायव्हर आहे का? मान काढून आतला शिक्का बघू.”