मोहन बागानच्या मुंबई शाखेस

सिन्नर, जानेवारी २०२६

प्रति,
संघबांधणी विभाग,
मुंबई सिटी एफसी



२६ डिसेंबर २०२५ ला मँचेस्टरच्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा मूळ मालकांना देऊन टाकला. इंडियन सुपर लीगच्या भवितव्याची खात्री नाही, असं कारण दिलं आणि काढता पाय घेतला. बातमी आमच्या मुसळगाव एमआयडीसीत दुसऱ्या पाळीच्या चहाला पोचली. खात्यात फुटबॉल बघणारा मी एकटा, त्यामुळे सांत्वनाला अख्खी पाळी हजर. "भाऊ, तुमची टीम गेली म्हणे. आता काय, कबड्डी का?" एकाने विचारलं. त्याला काही बोललो नाही. बोलायचं आहे ते तुमच्याशी. मँचेस्टरवाले एकदाच गेले. तुम्ही तर संघ दर उन्हाळ्यात थोडाथोडा पाठवतच आला आहात.

तर प्रथम, कोलकात्याच्या मोहन बागान क्लबची आपण जी निरपेक्ष सेवा केलीत, तिच्याबद्दल हार्दिक अभिनंदन. ग्रेग स्टुअर्ट आमच्याकडून जानेवारी २०२४ मध्ये मायदेशी स्कॉटलंडला गेला. घरची ओढ असेल म्हटलं. पुढच्याच मोसमात तो मोहन बागानच्या जर्सीत हजर. त्याच उन्हाळ्यात आपुया गेला. ज्याच्याभोवती पुढची पाच वर्षं संघ उभा करता आला असता असा मिडफिल्डर, तो मोहन बागानला. २०२५ मध्ये मेहताब सिंग, मोहन बागानला. आणि २०२० मध्ये आलेले, पहिल्याच मोसमात शिल्ड आणि कप दोन्ही जिंकून देणारे सर्जिओ लोबेरा? चीन, ओडिशा असं फिरून नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी पदभार घेतला. कुठे ते मी लिहीत नाही. तुम्हीच ओळखा.

नवख्या वाचकांसाठी एवढं सांगतो, की साखळीत पहिला येणाऱ्याला शिल्ड आणि बाद फेरी जिंकणाऱ्याला कप मिळायचा. एकाच मोसमात दोन्ही घेण्याचा मान पहिल्यांदा मिळवला तो आपण, २०२०-२१ मध्ये. दुसऱ्यांदा तो मिळाला मोहन बागानला, २०२४-२५ मध्ये. आपुया तेव्हा त्यांच्या मधल्या फळीत होता, स्टुअर्टही त्यांच्याच संघात. त्या यशात तुमचा वाटा किती मोठा आहे, हे कोलकात्याच्या लोकांना कुणी सांगितलं की नाही कोण जाणे. एखादं शाल-श्रीफळ तरी मागून घ्या.

मी मुंबईचा चाहता झालो तो नाइलाजाने. सिन्नर पुणे-नाशिक रस्त्यावर, म्हणून आधी माझा जीव पुण्यावर होता. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये रान्को पोपोविचच्या हाताखाली उपांत्य फेरीत गेला. उन्हाळ्यात पोपोविच गेले, मिगेल आंखेल पोर्तुगाल आले आणि तीन सामन्यांत घरी गेले. वर्षभरात क्लबच बंद. जागा हैदराबादने घेतली. त्या हैदराबादने २०२१-२२ चा कप जिंकला आणि २०२५ मध्ये तो क्लबही बिऱ्हाड उचलून दिल्लीला गेला. तेव्हा उन्हाळ्यात संघ मोडताना पाहण्याची मला चांगली सवय आहे. हरणारा संघ मोडला की वाईट वाटतं, पण समजतं. जिंकलेला संघ मोडण्याची कला मात्र फक्त तुमच्याकडे पाहिली.

४ मे २०२४. सॉल्ट लेक मैदान, समोर मोहन बागान, भरगच्च स्टेडियम त्यांचं. आपण पहिला गोल खाल्ला आणि ३-१ ने जिंकलो. दियाझ, बिपिन सिंग, वोइतुश. कप उचलला कर्णधार राहुल भेकेने. त्या सामन्यात आपल्यासाठी गोल करणारे तिघेही पुढे आपल्याकडून गेले. कप उचलणाराही गेला.

दियाझ जाऊ दे. परदेशी खेळाडू येतात-जातात, त्याचा हिशोब वेगळा. मधल्या फळीतला नोगुएराही जाऊ दे, जरी त्याच्या पायातून निघालेला पास बघायला मी पाळी बदलून घेत असे. पण भेके?

मला एकदा नीट समजावून सांगा. तुम्हाला 'मुंबई' नावाचा क्लब चालवायचा आहे. मुंबईत फुटबॉल म्हणजे काही कोलकाता नव्हे. इथे महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद पडला, पुढे मुंबई एफसीही संपला. लोकांनी कुणाच्या नावावर मैदानात यायचं? अशा शहराला स्वतःचा एक पोरगा मिळतो. एअर इंडिया, मुंबई एफसी असं खालच्या पायरीपासून चढत आलेला. ११ एप्रिल २०२२ ला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध तो हेडरने विजयी गोल करतो. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. नाव भारतभर झालं ते मुंबई सिटीचं, आणि गोल मुंबईच्याच मुलाचा. दोन वर्षांनी तोच मुलगा कर्णधार म्हणून कप उचलतो. पोस्टर काढायला दुसरा चेहरा शोधायची गरज नव्हती. मेट्रोच्या खांबाखांबावर लावता आला असता.

आणि तुम्ही काय केलंत? त्याच उन्हाळ्यात तो बंगळुरूला. नोगुएरा बंगळुरूला. दियाझ बंगळुरूला. म्हटलं, मोहन बागानची शाखा आहेच, बंगळुरूची उपशाखाही उघडलीत वाटतं.

करारात काय होतं, किती मागितले, किती देऊ केले, ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. "वय झालं होतं" असं सांगू नका. तेहतीस वर्षांचा सेंटर बॅक म्हणजे काही भंगार नव्हे. त्याच वयात बंगळुरूने त्याला आनंदाने घेतला. "तरुणांना संधी" असंही सांगू नका, कारण ज्या तरुणाला संधी दिलीत त्या मेहताबचं काय झालं ते वर लिहिलं आहे.

परिणाम २९ मार्च २०२५ ला कळला. प्ले-ऑफ, कांतीरवा मैदान, बंगळुरू ५, मुंबई ०. गतविजेते आपण. पाचवा गोल कुणाचा? होर्गे पेरेरा दियाझचा. मला त्या गोलाचा राग आला नाही. राग आला तो याचा, की सामना संपल्यावर आमच्यातल्याच कुणीतरी "पुढच्या मोसमात बघून घेऊ" असं लिहिलं. पुढच्या मोसमात बघायला कोण उरणार होतं? उन्हाळ्यात मेहताब गेला, आणि २०२१ च्या अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला गोल करून आपल्याला पहिला कप देणारा बिपिन सिंग ईस्ट बंगालला गेला. निदान इथे कोलकात्याच्या दुसऱ्या क्लबचाही विचार केलात, हे समन्यायी वाटपाचं धोरण म्हणून मान्य.

आता कोच. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला बदलीचं नवल नाही. आमच्याकडे तहसीलदाराला टंचाईचा आराखडा समजेपर्यंत दुसरीकडचा आदेश येतो. तुमचंही तसंच. लोबेरा दोन्ही ट्रॉफ्या जिंकून पुढच्या मोसमाआधी चीनला, तेही सिटी ग्रुपच्याच तिथल्या क्लबात. मग मेलबर्न सिटीतले सहायक डेस बकिंगहॅम. माणूस सोन्यासारखा. २०२२-२३ चं शिल्ड जिंकलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ऐन मोसमात ऑक्सफर्ड युनायटेडला गेला. तिथे सहा महिन्यांत त्याने त्यांना इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत चढवलं, म्हणजे आमची निवड चुकली नव्हती. मग पुन्हा मेलबर्न सिटीतलेच सहायक, पेत्र क्रॅटकी. पाच महिन्यांत कप. क्रॅटकींना मी ५-० चा दोष देणार नाही. सहावा क्रमांक त्यांच्या नावावर लागला, पण ज्याच्याकडून आपुया, भेके, दियाझ आणि नोगुएरा एकाच उन्हाळ्यात काढून घेतले त्याने काय दिवे लावायचे?

२०२३ चा उन्हाळा मी अजून काढलाच नाही. आशियाई चॅम्पियन्स लीग खेळायची होती, गटात नेमारचा अल हिलाल होता, आणि त्याच्या तोंडावर आपले जाहू आणि मुर्तदा फॉल दोघेही ओडिशाला गेले. घरचे सामने पुण्यात बालेवाडीला ठेवले होते. आमच्या रस्त्यावर आशिया आला म्हणून मी संगमनेर, नारायणगाव, चाकणची कोंडी पार करत गेलो आणि इराणच्या नसाजीकडून ०-२ खाऊन आलो. सहाच्या सहा हरलो. असो. चाकणची कोंडी जास्त लागली.

बाकी किरकोळ तक्रारी एका दमात: जर्सीच्या किमतीत आमच्याकडे शेताला पाइप येतो, आणि खेळाडू गेल्यावर तुम्ही जे निरोपाचे व्हिडिओ काढता ते सामन्यांच्या क्षणचित्रांपेक्षा चांगले असतात. संगीत तर डोळ्यांत पाणी आणतं. व्हिडिओ करणाऱ्या त्या मुलाला तरी सोडू नका.

इथपर्यंत लिहिलं आणि मग तुमची बाजू आठवली. तुमचा २०२५ चा उन्हाळा संपलाच नाही. ११ जुलैला लीग थांबवली, कारण अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपत होता. नवीन निविदा काढली तर एकही बोली आली नाही. एकही नाही! आमच्याकडे गावतळ्यातला गाळ काढायच्या निविदेलाही दोघे भांडतात. ऑगस्टमध्ये बंगळुरूने पहिल्या संघाचे पगारच थांबवले. म्हणजे जिथे भेके गेला तिथेही ऊन होतंच. जानेवारीच्या सुरुवातीला सुनील छेत्री, गुरप्रीत, झिंगन अशा खेळाडूंना कॅमेऱ्यासमोर उभं राहून फिफाला विनवावं लागलं, की काहीतरी करा. पंचवीस-तीस वर्षांची पोरं सकाळी उठून सराव करत होती, कशासाठी ते कुणाला सांगता येत नव्हतं. अशा वर्षात तुमच्या कार्यालयात बसून एखाद्या एजंटला "पुढच्या वर्षी ये" म्हणणाऱ्या माणसाच्या जागी मी असतो, तर मीही फोन उचलला नसता. लीग आहे की नाही हे माहीत नसताना संघ कसा बांधायचा? हे पाप तुमचं नाही. ते ज्यांचं आहे त्यांना पत्र लिहून उपयोग नाही, तिथे पत्रं वाचणाराच कुणी असेल तर शपथ.

पण एवढी दया पुरे. २०२४ च्या उन्हाळ्यात लीग होती, मँचेस्टरचे पैसे होते, कप ताजा होता. तेव्हाचा हिशोब माफ नाही.

आता १४ फेब्रुवारी २०२६ पासून लीग सुरू होणार असं क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलंय. १४ क्लब, ९१ सामने, प्रत्येकाशी एकदाच गाठ. आणि योगायोग बघा, ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला. गोंद्याला चढलं की कसाऱ्याचा घाट चुकतो. इतकी वर्षं फुटबॉल होता तेव्हा रस्ता नव्हता. रस्ता झाला त्या मोसमात फुटबॉल गायब. आता दोन्ही आहेत म्हणे. टोल भरून अंधेरीला यायची माझी तयारी आहे. मैदानात कोण उतरणार, तेवढं कळवा.

मागण्या तीनच. मूळ मालक परत आले आहेत, तर क्लब मुंबईचा आहे हे त्यांना जर्सीवरच्या नावापुरतं नव्हे तर खरंच लक्षात आणून द्या. क्रॅटकींना एक अख्खा मोसम, उन्हाळ्यात न उसवलेल्या संघासह मिळू द्या. आणि छांगटे. मिझोरामचा तो पोरगा आज आपला कर्णधार आहे, फेडरेशनचा सलग दोन वर्षं सर्वोत्तम खेळाडू ठरला आहे आणि अजून आपल्याकडे आहे. त्याच्या निरोपाचा व्हिडिओ कुणी आधीच तयार करून ठेवला असेल, तर तो आजच डिलीट करा. कोलकात्याहून फोन आला, तर रॉंग नंबर म्हणून ठेवून द्या.

आपला,
एक चाहता
मुसळगाव, ता. सिन्नर, जि. नाशिक