सातपुड्यातलं मोफत पॅकेज

पुण्या-मुंबईची माणसं हल्ली तब्येतीसाठी पैसे मोजून अनवाणी चालतात, फोन बंद ठेवतात आणि भगर खातात. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून भगरीला इंग्रजी नाव आणि झिपची पिशवी मिळाली. सातपुड्यातल्या धडगावच्या डोंगरात मोर-भगर पेरणाऱ्या पावरा आदिवासी बाईला मात्र आपण 'समग्र जीवनशैली' जगतोय याचा पत्ताच नव्हता. तिच्या पाड्यावर रेंज नाही, म्हणजे डिजिटल उपवासही आपोआप घडतो.

पुढच्या सेवा तर शहरात मिळतच नाहीत. बाळंतीण अडली की माणसं तिला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेतात. शुद्ध हवा, हलके झोके, दोन्ही बाजूंना हिरवळ! नर्मदाकाठी सरदार सरोवराचं पाणी चढलं, तिथे जलविहाराचीही सोय झाली. दवाखाना बोटीतून येतो. (बोट बंद पडली की मौनसाधना.)

सिकलसेल इथल्या आदिवासी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. 'शरीर स्वतःच स्वतःला बरं करतं' हे सूत्र त्या जनुकाला अजून कुणी समजावलेलं दिसत नाही. भगताचं निदान एका कोंबडीत भागतं, शहरी गुरूंचं शिबिर कोंबडीत बसत नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यालाही भगताचं झोपडं चटकन सापडतं. 'ऊर्जाशुद्धी'च्या वातानुकूलित हॉलचा जिना चढताना त्याला दम लागतो.

शहाद्याकडे उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. तिथे कुणी 'थर्मल रिट्रीट'ची पाटी लावली, की दर कळतीलच.