श्रेय जवसाचं

आबा जिल्हा कोषागारातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण छापील कागद समोर आला की त्यांचा उजवा हात अजून खिशातलं लाल पेन चाचपतो. सारी नोकरी त्यांनी लोकांची बिलं त्रुटी काढून परत पाठवण्यात घालवली. सांगलीतल्या आमच्या कॉलनीत आलेली लग्नपत्रिका ते वाचत नाहीत, तपासतात. तारखेला वार जुळत नसेल तर मुलीच्या बापाला फोन करतात. अशा माणसाच्या हाती लिपिड प्रोफाइलचा पहिला रिपोर्ट पडला, तेव्हा ठळक छापलेले आकडे पाहून ते दचकले वगैरे नाहीत. त्यांनी आधी वजाबाकी केली.

“एकूण २५२. एचडीएल ४२. ट्रायग्लिसराइड्स १९०, त्याचा पाचवा हिस्सा ३८. राहिले किती? १७२. एलडीएल १७२च लिहिलंय. बरोबर आहे.”

“अहो, पण १७२ चांगलं की वाईट?” काकूंनी विचारलं.

“ते नंतर. हिशेब जुळला.”

बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, फ्रीडवाल्ड नावाच्या गृहस्थांनी १९७२ साली बसवून दिलेल्या सूत्रानं काढतात, हे कळल्यावर तर आबांना त्या १७२बद्दल आपुलकीच वाटू लागली. वजाबाकीतून आलेला आकडा वजाबाकीनंच जाईल, अशी त्यांची श्रद्धा बसली.

डॉक्टर विश्रामबागेतले, आबांच्या धाकट्या मुलाच्या वयाचे. त्यांनी ॲटोर्व्हास्टॅटिन लिहून दिलं, २० मिलिग्रॅम, रोज एक. आबांनी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी पाहिली आणि आक्षेप नोंदवला. “खाल्लं मी, वाढवलं मी, तर कमीही मीच करीन.” डॉक्टरांनी समजावलं की रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही, शरीर स्वतः बनवतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा, ही गोळी यकृतातलं उत्पादन कमी करते, मग यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेऊ लागतं.

“यकृत माझंच ना?” आबा म्हणाले. “मग मी सांगतो त्याला.”

आबा औषधांच्या विरोधात आहेत असं कोणी समजू नये. डोकं दुखलं तर ते निमूट गोळी घेतात. पण कोलेस्टेरॉल उतरण्यात माणसाचे कष्ट दिसले पाहिजेत, असं त्यांचं मत. रात्री घोटभर पाण्याबरोबर एक पांढरी गोळी गिळायची आणि आकडा खाली यायचा, यात कर्तृत्व कुठलं? पथ्य करणाऱ्याला मान आहे. चार लोक थांबवून विचारतात, कृती लिहून घेतात. गोळी घेणाऱ्याकडे कृती मागायला कोण येतं?

त्यातून त्यांनी गोळीच्या खोक्यातला तो घड्याघड्यांचा कागद उलगडला आणि भिंग लावून वाचला. ‘स्नायू दुखणे’ या अर्थाच्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या पोटऱ्या दुखू लागल्या. गोळी तोवर पाकिटातून बाहेरही आली नव्हती. आबांच्या बाजूनं एवढं सांगितलं पाहिजे की ते एकटे नाहीत. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांवर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं केलेला एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटूनपालटून दिलं. खऱ्या गोळीनं जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के पोकळ गोळीनंही झाला. काहींना खरोखरच सोसत नाही, नाही असं नाही; पण नुसत्या कागदानं पोटरी धरणारे आबाच. शेवटी ‘डॉक्टरांच्या समाधानासाठी’ असा शेरा मारून गोळी सुरू झाली. रात्री, दिवे मालवल्यावर, कोणाच्या नजरेला पडणार नाही अशी.

दिवसा जे चाललं ते मात्र साऱ्या कॉलनीला दिसेल असं. आधी अंडी बंद. एका बलकात दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल, हे लाल शाईत फ्रिजच्या दारावर लागलं. त्याच फ्रिजवरच्या डब्यातली खारी चहाबरोबर चालू राहिली, कारण खारी शाकाहारी. एलडीएल वाढवण्यात बलकापेक्षा खारीत घातलेलं घट्ट वनस्पती तूप पुढे असतं, असं काकू म्हणाल्या, तर आबांनी पाकिटावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेलं दाखवलं. आता वनस्पतीपासून निघालेल्या कुठल्याच तेलातुपात मोजण्याइतकं कोलेस्टेरॉल नसतं. शेंगतेलात नाही, खोबरेलात नाही. छापायला कंपनीचं काय जातं?

“कृष्णेच्या वाळूतही नसतं,” काकू म्हणाल्या.

याच न्यायानं भडंगालाही मंजुरी मिळाली. चुरमुरे भाताचे, तेल शेंगांचं आणि लसूण औषधी.

मग पूरक आहाराचं सदर उघडलं. इसबगोल आला. इसबगोलानं थोडा फरक पडतो हे खरं आहे. त्याचा विरघळणारा चोथा पित्ताम्लं अडवून बाहेर नेतो आणि नवी बनवण्यासाठी यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. पण आबांनी तो लवकरच सोडला. इसबगोल म्हटलं की लोक भलतंच समजून मान हलवतात. मग माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आल्या. आबा अंड्यापुढे कधी गेलेले नाहीत, पण “औषधाला सोवळं नसतं” म्हणून रोज दोन. संध्याकाळच्या भजनात त्यांना ढेकर आला की शेजारचा टाळकरी टाळ थांबवून त्यांच्याकडे बघे. आणि या सगळ्यांच्या वर जवस. भाजलेला जवस, लसूण, सुकी मिरची, मीठ, चिमूटभर जिरं. ही चटणी आबा भाकरीशी, भाताशी, पोह्यावर आणि एकदा पाहुण्यांदेखत शिऱ्यावरही घालून खाताना दिसले.

तीन महिन्यांनी एलडीएल आलं ९८.

आबांनी चटणीची कृती झेरॉक्स करून कॉलनीत वाटली. वर मथळा, ‘१७२ वरून ९८’, खाली सही आणि तारीख. जवस चांगलाच, त्यात ओमेगा-३ आहे, चोथा आहे. पण नुसत्या जवसानं एलडीएल चाळीस टक्क्यांहून जास्त उतरत नाही. तेवढं ॲटोर्व्हास्टॅटिनची वीसची गोळी उतरवते, आणि अगदी तेवढंच उतरलं होतं. मी हळूच विचारलं, “आबा, आणि गोळी?”

“ती चालूच होती,” आबा उदारपणे म्हणाले, “पण ती काही जवसाच्या आड आली नाही.”

काकू शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं: अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकनं २०२२ साली माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद आणि आणखी दोन पूरकांची गाठ एका बाजूला आणि रोसुव्हास्टॅटिनची पाचाची छोटी गोळी दुसऱ्या बाजूला, अशी २८ दिवस घातली. गोळीनं एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरलं. बाकी सारे पोकळ गोळीच्याच रांगेत. लसणाच्या गटात तर ते थोडं चढलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“जवस होता का त्यात?”

“नव्हता.”

“मग?”

आणि जवसाची बाजू निर्विवाद सिद्ध व्हावी म्हणून त्यांनी गोळी बंद केली. पुढचा रिपोर्ट १६९. तो आबांनी मान्य केलाच नाही. लॅबमधला मुलगा नवा, जवस यंदाचा नव्हे, काकूंनी तो भाजला कमी. गोळी ‘तात्पुरत्या स्वरूपात’ पुन्हा सुरू झाली, आणि हा तात्पुरता काळ अजून चालू आहे.

कोलेस्टेरॉलची फाईल बंद होतेय असं वाटेपर्यंत लॅबच्या पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी नावाची एक चाचणी फुकट मिळाली. खाली छापलेलं असतं: १ पेक्षा कमी तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. आबांचं आलं १४. शरीरात दाह आहे, एवढं ऐकल्यावर ते सोफ्यावर बसले आणि छातीवर हात ठेवून आतून काही धगधगतंय का ते पाहू लागले. डॉक्टर म्हणाले, आकडा १० च्या वर गेला की हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी कुठे जंतुसंसर्ग आहे का बघायचं आणि काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करायची.

“कुठे म्हणजे काय,” काकू म्हणाल्या, “दाढ बघा की. गाल सुजून टम्म झालाय.”

आबा दंतवैद्याकडे गेले, दाढ काढून आले, आणि खऱ्या उपचाराला लागले. सांगलीच्या माणसाला दाहावर उपाय शोधायला लांब जावं लागत नाही. हळदीच्या बाजारात त्यांच्या ओळखी होत्या. हरिपूरच्या पेवांच्या गोष्टी सांगत सांगत त्यांनी राजापुरी हळकुंडं पारखून आणली. हळदीत कुरकुमिन असतं जेमतेम तीन टक्के आणि तेही पोटातून रक्तात फारसं शिरत नाही, मिऱ्याबरोबर जास्त शिरतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ हळद, मिरी, तूप. वरून कुरकुमिनच्या कॅप्सूल. घरातले पेले पिवळे, नॅपकिन पिवळे, आबांचं बनियन खंडोबाच्या भंडाऱ्यातून काढल्यागत. नोव्हेंबरात ते बँकेत हयातीच्या यादीवर सही करायला गेले आणि सहीशेजारी एक पिवळं बोट उमटवून आले. कारकुनानं शाई कुठली म्हणून विचारलं.

मिरीयुक्त कॅप्सूल डॉक्टरांनी ऐकताक्षणी बंद केल्या, कारण अशा जोरकस डोसांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतल्या हळदीला कोणाचीच हरकत नव्हती. फेरचाचणीत सीआरपी १.४ आलं. श्रेय हळदीला गेलं. दंतवैद्याचं बिल आबांनी बेरीज तपासून चुकतं केलं.

यानंतरचा प्रकार मात्र गंभीर. आबांनी कुठेतरी वाचलं की कोल्चिसिन या संधिवाताच्या जुन्या औषधाचा अगदी छोटा डोस, अर्धा मिलिग्रॅम, हृदयरोग्यांमधला दाह कमी करून झटक्याचा धोका घटवतो म्हणून अमेरिकेत २०२३ साली मंजूर झाला. हे खरं आहे. ते औषध कळलावीतही असतं, हेही खरं. तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती होते. आपल्याकडे ती पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लालपिवळी फुलते. आबा शिराळ्याकडच्या एका नातेवाइकाकडून तिचा कंद पिशवीत घेऊन आले.

काकूंनी पिशवी उघडली आणि आधी पिशवी, मग आबांना घराबाहेर काढलं. कळलावीचा कंद जीव घेतो हे त्यांना आजीपासून माहीत होतं. दोघं डॉक्टरांसमोर बसली.

“आबा,” डॉक्टर म्हणाले, “कोषागारात कोणी बिलाऐवजी, ज्याचा कागद होतो तो बांबूच आणून काउंटरवर ठेवला असता, तर तुम्ही पास केलं असतं?”

आबांनी बराच विचार केला. “विहित नमुन्यात असता तर,” ते म्हणाले. पण कंद गेला.

मग त्यांनी पडेल आवाजात विचारलं, “ही तुमची गोळी तरी कशापासून निघाली?” डॉक्टरांनी सांगितलं की जपानमध्ये अकिरा एंडो नावाच्या शास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात सहा हजारांच्या आसपास बुरश्या तपासल्या आणि तांदळावर वाढलेल्या एका बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. आबा ताठ बसले. तांदूळ! बुरशी! म्हणजे गोळी मुळातली निसर्गातलीच! ॲटोर्व्हास्टॅटिन पूर्णपणे प्रयोगशाळेत बनतं, ही दुरुस्ती डॉक्टरांच्या ओठांवर आली होती, पण काकूंनी टेबलाखालून पाय मारला.

तेव्हापासून आबा गोळी उजेडात घेतात, पाहुण्यांसमोरसुद्धा, आणि एंडोंविषयी ते सख्खे मावसभाऊ असल्यागत बोलतात. परवा काकूंना ओट्याखालच्या कपाटात, डब्यांच्या मागे, शिळ्या भाताची वाटी सापडली. भातावर हिरवट लव आली होती आणि झाकणाला लाल शाईतली चिठ्ठी होती: ‘टाकू नये. निरीक्षणाखाली.’

“सहा हजारांतली ही पहिलीच ना?” काकू म्हणाल्या. “मग उरलेल्या तुम्ही गच्चीवर लावा. मला इथे तांदळाचा डबा ठेवायचाय.”