तिरक्या कागदा, तुझा निकाल नामंजूर

तिरक्या कागदास,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुझ्यासाठी मी ती मोडतो.

दिसायला तू गरीब. ए-फोर आकाराचा, पांढरा, मधोमध एक जाड काळी रेघ आणि तिच्या वर-खाली मिलिमीटरच्या खुणा. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात तुझी प्रिंट निघते. मग लेन्सचा फोकस तपासण्यासाठी तुला टेबलावर पसरायचे, ट्रायपॉडवरचा कॅमेरा ४५ अंशांत खाली वाकवायचा आणि जाड रेघेवर फोकस करून एक फोटो काढायचा. रेघेऐवजी अलीकडचे आकडे स्पष्ट आले की तू 'फ्रंट फोकस' म्हणून मोकळा. पलीकडचे आले की 'बॅक फोकस'. पाच मिनिटांत तपास संपतो, निकालही लागतो आणि लेन्सला आपली बाजू मांडता येत नाही. अशा घाईच्या न्यायाला पुरावा म्हणणाऱ्यांची मला चीड येते, आणि त्या पुराव्याचे मूळ तू आहेस.

तुझ्यामुळे नुकसान कुणाचे होते ते ऐक. लग्नाच्या हंगामात काम करणारा एखादा तरुण पैसे साठवून ८५ मिमी एफ/१.८ लेन्स घेतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर, दोन मीटर अंतरावर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवले तर या लेन्सची डेप्थ ऑफ फील्ड जेमतेम ६ सेंटिमीटर असते. डोळे ते कान एवढ्याच अंतरात फोटो साधतो किंवा फसतो. अशा माणसाने तुझ्यावर विश्वास ठेवून कॅमेऱ्यात धडधाकट लेन्सला 'उणे १२' ची फोकस-दुरुस्ती लावली, तर अंतरपाट दूर होतानाचा नवरीचा चेहरा कायमचा धूसर राहतो. गुरुजी मंगलाष्टके पुन्हा म्हणत नाहीत. तू मात्र तोवर कचऱ्याच्या डब्यात पोहोचलेला असतोस.

तुझा गुन्हा कळायला डीएसएलआर फोकस कसा करतो ते पाहावे लागते. लेन्समधून आलेला बहुतेक प्रकाश आरशावरून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून गेलेला थोडा प्रकाश मागच्या छोट्या आरशावर आपटून कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरवर पडतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा हा सेन्सर ताडून पाहतो आणि लेन्सला किती व कुठल्या दिशेला सरकायचे ते सांगतो. यालाच फेज डिटेक्शन म्हणतात. फोटो टिपणारा सेन्सर मात्र वेगळाच, आरशाच्या मागे बसलेला. लेन्सपासून या दोन्ही सेन्सरपर्यंतचा प्रकाशाचा प्रवास तंतोतंत सारखा हवा. त्यात किंचित फरक असला, किंवा बॉडी आणि लेन्स यांचे घडणीतले बारीक फरक एकाच दिशेला साचले, की फोकस चुकतो. हा दोष खरा असतो, मोजता येतो आणि दुरुस्तही होतो. म्हणून तर कॅननने २००७ साली ईओएस-१डी मार्क ३ मध्ये मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट दिली आणि निकॉनने त्याच वर्षी डी३ व डी३०० मध्ये फाइन ट्यून आणले. दोन्हीत फोकस आकड्यांनी थोडा पुढे-मागे सरकवता येतो.

खऱ्या दोषाला खरे मोजमाप लागते. ते द्यायला तू नालायक आहेस, आणि याचे कारण तुझ्या तिरकेपणातच आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या फोकसच्या चौकोनापेक्षा फोकस सेन्सरचे प्रत्यक्ष क्षेत्र मोठे असते. त्या क्षेत्रात जिथे ठळक काळे-पांढरे सापडेल तिथे तो पकडतो. तू उतारावर पसरलेला. तुझी प्रत्येक रेघ कॅमेऱ्यापासून वेगळ्या अंतरावर. छायाचित्रकाराला वाटते की फोकस जाड रेघेवर आहे, आणि सेन्सरने मात्र दोन रेघा अलीकडचा आकडा धरलेला असतो. त्याची त्यात काहीच चूक नाही. त्याच्यासमोर एकच सपाट प्रश्न ठेवायला हवा होता. तू एकदम दहा ठेवलेस. तुझ्या काही आवृत्त्यांत जाड रेघेभोवती मोकळी जागा सोडलेली असते. त्या थोड्या बऱ्या. पण जाड रेघेलाही अलीकडची आणि पलीकडची कड असतेच, आणि कॅमेरा नेमका ४५ अंशांतच वाकवला आहे याची खात्री कोण देणार?

तुझ्या जागी काय वापरावे, हे आता वाचकांना सांगतो. तूही ऐकून ठेव.

साधन निवडताना पहिला प्रश्न किमतीचा किंवा नावाचा नसतो. ज्या पृष्ठभागावर कॅमेरा फोकस करतो तो सपाट आणि फोटो टिपणाऱ्या सेन्सरला समांतर आहे का, एवढेच आधी विचारावे. मोजपट्टी तिरकी असायला हरकत नाही, पण ती लक्ष्याच्या बाजूला, वेगळी हवी. कॅमेऱ्याने सपाट लक्ष्य पाहायचे आणि आपल्या डोळ्यांनी तिरकी पट्टी वाचायची. लेन्सअलाइन हे तयार साधन याच तत्त्वावर बनलेले आहे. त्याच्या लक्ष्याला भोके असतात. त्यांतून मागची खूण बरोबर मध्यभागी दिसली की कॅमेरा आणि लक्ष्य समांतर झाले, हे डोळ्यांना कळते. डेटाकलरच्या स्पायडर लेन्सकॅलमध्येही सपाट लक्ष्य आणि बाजूला तिरकी पट्टी आहे. ते घडी करून ठेवता येते आणि त्यात पाणसळही आहे. एवढा खर्च झेपत नसेल तर ताठ खोक्यावर ठळक नक्षी चिकटवावी आणि शेजारी ३० सेंटिमीटरची स्टीलची फूटपट्टी तिरकी टेकवावी. तुझ्यापेक्षा हे घरगुती साधन कितीतरी प्रामाणिक आहे.

पट्टी वाचण्यात डोळ्यांची चूक होईल असे वाटत असेल तर 'डॉट-ट्यून' पद्धत आहे. तिला पट्टीच लागत नाही. सपाट लक्ष्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये, प्रतिमा मोठी करून, अचूक फोकस साधायचा. लाइव्ह व्ह्यूमधले काँट्रास्ट डिटेक्शन फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरूनच वाचते, म्हणून तेच खरे माप. मग लेन्स मॅन्युअलवर टाकायची, काहीही न हलवता शटर अर्धवट दाबायचे आणि अ‍ॅडजस्टमेंटचे आकडे एकेक बदलत व्ह्यूफाइंडरमधला फोकसचा ठिपका कुठून कुठपर्यंत स्थिर पेटतो ते पाहायचे. त्या पट्ट्याचा मध्य म्हणजे आपला आकडा. खर्च शून्य, पण संयम भरपूर लागतो.

संयम नसेल आणि लेन्स बऱ्याच असतील तर ब्रिटनमधल्या रायकन कंपनीचे फोकॅल हे सॉफ्टवेअर घ्यावे. कॅमेरा संगणकाला जोडला की ते वेगवेगळ्या आकड्यांवर सपाट लक्ष्याचे फोटो काढून त्यांची स्पष्टता मोजते आणि आलेख देते. काही निकॉन बॉडींवर मात्र आकडा हाताने बदलावा लागतो. निकॉनच्या डी५ आणि डी५०० (२०१६) मध्ये लाइव्ह व्ह्यूशी ताडून आपोआप फाइन ट्यून करण्याची सोय बॉडीतच आली. ती जरूर वापरावी, पण एका निकालावर थांबू नये. दोन-चारदा करून आकडा जुळतो का ते पाहावे. सिग्माच्या आर्ट, काँटेम्पररी आणि स्पोर्ट्स लेन्स असतील तर त्यांचा यूएसबी डॉक सर्वांत बारीक काम करतो: झूममध्ये चार फोकल लांबी आणि प्रत्येकीची चार अंतरे, असे सोळा आकडे. टॅमरॉनच्या काही डीएसएलआर लेन्ससाठी तसाच टॅप-इन कन्सोल आहे.

साधन कुठलेही असो, शिस्त सारखीच. लक्ष्य फोकल लांबीच्या साधारण २५ ते ५० पट अंतरावर ठेवावे, म्हणजे ५० मिमीला सव्वा ते अडीच मीटर. नेहमी ज्या अंतरावरून काम करता ते त्यात बसत असेल तर उत्तमच. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे, मधला एकच फोकस बिंदू, स्टॅबिलायझेशन बंद, सेल्फ टायमर चालू, उजेड भरपूर. पिवळ्या दिव्याखाली आणि दिवसाच्या उजेडात फेज डिटेक्शनचा निकाल थोडा वेगळा येऊ शकतो, म्हणून ज्या प्रकाशात काम करता तोच घ्यावा. प्रत्येक फोटोआधी लेन्स मुद्दाम आउट ऑफ फोकस करावी आणि एका फोटोवर विसंबू नये. सगळ्याच लेन्स एकाच दिशेला सारख्या चुकत असतील तर संशय बॉडीवर घ्यावा. कॅनन-निकॉनमध्ये आकडा उणे २० ते अधिक २० च्या टोकाला जात असेल तर सर्व्हिस सेंटर गाठावे.

आणखी एक आरोप राहिला. ज्यांच्या बॉडीत ही सोयच नाही, त्यांनाही तू सोडत नाहीस. कॅननच्या ५०डी मध्ये असलेली मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट ६०डी मधून काढली गेली आणि ७०डी मध्ये परत आली. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांत फाइन ट्यून मिळालेच नाही. अशा कॅमेऱ्याच्या मालकाला तू फक्त चिंता देतोस. मग तो चांगली लेन्स पडेल भावात विकून मोकळा होतो. आपल्याकडे सेकंडहँड डीएसएलआर घेऊन धंद्याला लागणारी मुले अजून खूप आहेत, आणि असा भुर्दंड त्यांना परवडत नाही.

आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरच फोकसचे बिंदू असतात, त्यामुळे दोन वाटांमधला हा घोळ तिथे उरत नाही. पण म्हणून तू निर्दोष सुटत नाहीस. आरशाचे कॅमेरे जोवर लग्नमंडपात काम करत आहेत, तोवर तुझ्यावरचा खटला चालू राहील.

वाचकहो, लेन्सवर संशय आला तर आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये एक फोटो काढा आणि मग तोच व्ह्यूफाइंडरमधून काढा. दोन्ही सारखेच स्पष्ट असतील तर काहीही विकत घेऊ नका, कुठलाही आकडा बदलू नका. फरक सातत्याने दिसला तरच कॅलिब्रेशन करा, आणि ते सपाट लक्ष्यावरच करा. तिरक्या कागदावर फोकस करून कुठल्याही लेन्सला दोषी ठरवू नका.

कळावे, लोभ नसावा.

एक छायाचित्रकार