क्रोमवाल्यांनो, क्रोम वापरा!

ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आणताना विक्रेता एक वाक्य हमखास टाकतो. ‘काही इन्स्टॉल करायचं नाही साहेब, सगळं ब्राउझरमध्ये चालतं.’ साहेब खूश. मग कोपऱ्यातल्या टेबलावरचा लिनक्सवाला लॉगिन करायला जातो आणि पडद्यावर पाटी झळकते : ‘तुमचा ब्राउझर चालणार नाही. कृपया क्रोम वापरा.’

तो क्रोमच वापरत असतो.

आता हा गडी काय करतो? प्रत्येक ब्राउझर साइटला आपली ओळख सांगतो, यूजर एजंट नावाच्या एका ओळीत. एक फुकटचं एक्स्टेन्शन टाकून तो त्या ओळीतलं ‘लिनक्स’ काढतो आणि ‘विंडोज’ लिहितो. पान रिफ्रेश. हजेरी, रजा, पगारपत्रक, सगळं सुरळीत! सकाळपर्यंत जे तांत्रिकदृष्ट्या अशक्य होतं, ते खोटं नाव सांगताच शक्य झालं.

खोटं बोलल्याची टोचणी लागलीय? सोडा हो. क्रोम, एज, सफारी, सगळे या ओळीची सुरुवात ‘मोझिला’ अशीच करतात. नव्वदच्या दशकात साइट्स चांगली पानं फक्त नेटस्केप या ब्राउझरच्या ताटात वाढत, आणि नेटस्केप स्वतःला मोझिला म्हणवी. मग इंटरनेट एक्सप्लोररनं तेच नाव लावलं, पुढच्यांनी री ओढली.

तेव्हापासून अख्खं वेब तोतयांचं आहे.

मुळात ही पाटी का येते? कंपनीनं लिनक्सवर काही तपासलेलंच नसतं. तपासायला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो. पाटीला कोडच्या दोन ओळी पुरतात.

जुन्या सिस्टीमचं दुखणं आणखी खोल. त्या मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्हएक्स तंत्रावर बांधलेल्या, त्यामुळे इंटरनेट एक्सप्लोररशिवाय त्यांचं पान हलत नाही. मायक्रोसॉफ्टनं त्याला १५ जून २०२२ रोजी निवृत्त केलं, पण आपल्या एज ब्राउझरमध्ये त्याच्यासाठी ‘आयई मोड’ ठेवला, निदान २०२९पर्यंत. निवृत्तीनंतर सात वर्षं मुदतवाढ! मंत्रालयातल्या सचिवांनी हेवा करावा. एज आता लिनक्सवरही मिळतो.

आयई मोड मात्र फक्त विंडोजवर.

मायक्रोसॉफ्टचंच मीटिंगचं अ‍ॅप टीम्स. लिनक्ससाठी ते डिसेंबर २०१९मध्ये आलं आणि तीन वर्षांत गुंडाळलं गेलं. त्याऐवजी वेब अ‍ॅप घ्या, म्हणाले. कशातून? तेव्हा तरी एज किंवा क्रोममधून. फायरफॉक्सवाल्यांनी हात वर करू नयेत, मीटिंग सुरू आहे.

सरकारकडे वळू. मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं केंद्राचं धोरण २०१५चं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं ‘बॉस’ लिनक्स त्याहून जुनं, २००७चं. धोरण आहे, स्वदेशी लिनक्स आहे. आता त्यावरून ई-निविदेवर डिजिटल सही करून दाखवा बरं! पूर्वी ही सही ब्राउझरमध्येच चालणाऱ्या जावा अ‍ॅपलेटमधून व्हायची. क्रोमनं ती वाट २०१५मध्येच बंद केली. तेव्हापासून सहीसाठी एक छोटा प्रोग्राम आपल्याच संगणकावर बसवायचा आणि ब्राउझरनं त्याच्याशी बोलायचं, अशी तऱ्हा रूढ झाली. हा प्रोग्राम पुष्कळदा ईएक्सई, म्हणजे विंडोजची फाइल म्हणूनच हातात पडतो.

एकीकडे धोरणाचं परिपत्रक, दुसरीकडे ईएक्सई. दोन्ही सरकारीच.

आयटी विभागाला फोन करावा तर सल्ला ठरलेला : कॅशे क्लिअर करून बघा. लिनक्सवाले तरी कुठे कमी आहेत? तक्रार लेखी देणार नाहीत. त्याऐवजी व्हर्च्युअल मशीन उभारतील, त्यात अख्खं विंडोज घालतील आणि वर फुशारकी मारतील. अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी चार जीबी रॅम! असल्या जुगाडामुळेच विक्रेत्यांना वाटतं, सगळं आलबेल आहे.

गंमत म्हणजे ‘क्रोम वापरा’ ही पाटी जो सर्व्हर दाखवतो, तोही बहुधा लिनक्सवरच चालत असतो. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांवर २०१७पासून लिनक्सच आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेत २०१८ला आलेला महासंगणक ‘प्रत्यूष’ही त्याच जातकुळीचा. मोसमी पावसाचं गणित लिनक्सला जमतं.

प्रवासभत्त्याचं बिल जमत नाही म्हणे.

तेव्हा खरेदी समितीवर असाल तर करारात एक कलम घाला : लिनक्सवर, फायरफॉक्समध्ये, नाव न बदलता चालवून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही.